मैलाचे दाजी

मागच्या उन्हाळ्यात आमचा फ्रिज बंद पडला तेव्हा बायको म्हणाली, "मेकॅनिकला नंतर. आधी दाजींना फोन करा."

दाजींना फ्रिजमधलं काही कळतं अशातला भाग नाही. ते एका राष्ट्रीयीकृत बँकेत कर्ज विभागात आहेत. पण आमच्या नात्यागोत्यात दहा हजारांच्या वरची वस्तू दाजींना न सांगता घेणं म्हणजे घरच्या लग्नाची पत्रिका त्यांना पोस्टाने पाठवण्यासारखं आहे. माझ्या एका चुलतभावाने वॉशिंग मशिन परस्पर घेतलं आणि तेही रोखीने. दाजी त्याच्याशी आठ महिने बोलले नाहीत. नवव्या महिन्यात बारशाला गाठ पडली तेव्हा पहिलं वाक्य होतं, "चौदाशे पॉइंट पाण्यात घातलेस रे."

फोन केला आणि अर्ध्या तासात दाजी दुकानात हजर. फ्रिज किती लिटरचा, किती स्टारचा याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांनी सेल्समनला एकच प्रश्न विचारला, "कार्डावर वरचे दोन टक्के तर लावत नाही ना?" तो नाही म्हणाला. दाजींनी खिशातून कार्ड काढलं, माझ्याकडे वळले आणि त्यांचं ते जगप्रसिद्ध वाक्य म्हणाले:

"मी स्वाइप करतो, तू मला जीपे कर."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कारण दाजी माझे असले, म्हणजे ताईचे यजमान असले, तरी हा माणूस एकटा नाही. ही जमात आहे. प्रत्येक सोसायटीत एक, प्रत्येक ऑफिसात दोन, आणि आयटी कंपनी असेल तर मजल्यागणिक एक असा यांचा आढळ आहे. ओळखायचं कसं? हॉटेलात बिल आलं की बाकीच्यांचे हात खिशाकडे निघायच्या आत यांचं कार्ड वेटरच्या ताटलीत पडलेलं असतं. नवख्या माणसाला वाटतं, काय दिलदार गृहस्थ! हा समज बडीशेप संपेपर्यंत टिकतो. चपला घालेस्तोवर प्रत्येकाच्या फोनवर आपापला हिशोब आलेला असतो, पैशांसकट. "तुझे चारशे बारा रुपये पन्नास पैसे. मसाला पापड तू एकट्याने खाल्लास."

दाजी कंजूष आहेत का? नाहीत. कंजूष माणूस खर्च टाळतो. दाजींना खर्च हवाच असतो, फक्त तो दुसऱ्याचा असावा आणि त्यांच्या कार्डावरून व्हावा. पुतणीच्या लग्नात हॉलचं भाडं, केटरर, फुलवाला, घोडा, सगळ्यांचे पैसे दाजींच्या कार्डावरून गेले. वधूपित्याने तेवढी रक्कम त्यांच्या खात्यात आधीच भरली होती. मांडवात अक्षता पडत होत्या आणि दाजी कोपऱ्यात उभे राहून फोनवर येणारे मेसेज वाचत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लोकांना वाटलं, पुतणीवर फार जीव आहे. जीव होताच, पण त्याच क्षणी त्यांच्या एका कार्डाची वार्षिक खर्चाची मर्यादा पार झाली होती आणि दहा हजार जादा पॉइंट जमा झाले होते.

दाजींची कार्डं बँकेच्या जुन्या रेक्झिनच्या पासबुक-पाकिटात असतात. एकूण सात. प्रत्येकावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर बॉलपेनने लिहिलेलं: "वीज-फोन", "किराणा", "फक्त परदेश", "पेट्रोल – नको", आणि एकावर नुसतंच "आई". हे शेवटचं आजींच्या, म्हणजे दाजींच्या आईच्या, औषधांसाठी. ताईला घरातून बाहेर पडताना हातात कार्ड देण्याआधी ते विचारतात, "कुठे निघालीस?" लग्नाला वीस वर्षं झाली तरी नवरा इतक्या आस्थेने विचारतो याचं शेजारणींना कौतुक आहे. भाजीला निघाली तर एक कार्ड, शूज घ्यायला निघाली तर दुसरं. एकदा ताईने चुकून वीज-फोनच्या कार्डावर चादरी घेतल्या. दाजी काही बोलले नाहीत. फक्त रात्री त्या चादरीवर झोपले नाहीत.

हा रोग आजचा नाही. आमच्या पिढीतल्या कुणालाही आठवेल, बिनाकाच्या टूथपेस्टबरोबर प्लॅस्टिकचे चिमुकले प्राणी मिळायचे. दाजींनी हत्ती पूर्ण कळपाने जमवले होते, त्यापायी त्यांच्या घरी माणशी दिवसाला तीनदा दात घासले जात, असं आजी सांगतात. पण खरी दीक्षा मिळाली ती १९९९ साली. 'ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ' ही योजना आली. बिस्किटांच्या रॅपरवरचे रन जमवायचे, शंभर झाले की पुढची पायरी, आणि नशीब फळफळलं तर थेट इंग्लंडला वर्ल्ड कप बघायला. दाजी तेव्हा बँकेत नुकतेच लागले होते. सहा महिने सकाळचा नाश्ता बिस्किटं, दुपारचा डबा बिस्किटं. इंग्लंड काही झालं नाही. वजन मात्र चार किलोंनी वाढलं.

गंमत अशी की त्याच १९९९ साली, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात एक इंजिनिअर हेच करत होता. त्याने वाचलं की एका खाद्यपदार्थ कंपनीची वेष्टनं पाठवली की विमानाचे मैल मिळतात. दुकानात फिरून त्याने सगळ्यात स्वस्त वस्तू हुडकली: २५ सेंटला एक पुडिंगचा कप. गड्याने १२,१५० कप उचलले. एवढ्या कपांची लेबलं सोलणार कोण? त्याने पुडिंग एका धर्मादाय संस्थेला दान केली आणि बदल्यात तिथल्या लोकांकडून लेबलं सोलून घेतली. खर्च तीनेक हजार डॉलर, आणि पदरात साडेबारा लाखांच्या आसपास मैल. दानाबद्दल प्राप्तिकरात सवलत मिळवली ती वेगळीच. त्याच्यावरून सुचून पुढे २००२ साली 'पंच-ड्रंक लव्ह' नावाचा सिनेमाही आला. ही गोष्ट सांगताना दाजींचा आवाज कीर्तनकारासारखा होतो. पुडिंग दान केली इथे ते थांबतात, आणि "लेबलं सोलून घेतली!" म्हणताना त्यांचा हात नकळत कानाच्या पाळीला जातो, गवई मोठ्या उस्तादाचं नाव घेताना जातो तसा.

दाजींना या विद्येचा इतिहास तोंडपाठ आहे. १ मे १९८१ ही तारीख आपल्याला महाराष्ट्र दिनाची सुट्टी म्हणून ठाऊक. दाजी म्हणतात, "त्या दिवशी अमेरिकन एअरलाइन्सने अ‍ॅडव्हान्टेज सुरू केलं. आपल्याकडे झेंडावंदन चाललं होतं, तिकडे खरी क्रांती झाली." कल्पना साधी होती. जो वारंवार आपल्या विमानाने जातो त्याचे मैल मोजायचे आणि पुरेसे झाले की एक तिकीट फुकट द्यायचं. म्हणजे रिकामी जाणारी खुर्ची त्याला द्यायची आणि त्याने दुसऱ्याच्या विमानाकडे ढुंकूनही पाहू नये अशी तजवीज करायची. काही दिवसांतच युनायटेडनेही तेच केलं आणि मग जगभर ही लागण झाली.

आजींना हे मैलांचं प्रकरण कधी समजलं नाही. त्या म्हणतात, "आम्ही शाळेला तीन मैल चालत जायचो, ते कुणी जमा केले असते तर आज माझं स्वतःचं विमान असतं." आणि खरं पाहिलं तर आजींचं चुकत नाही. ज्या देशाने १९५६ चा मापांचा कायदा करून मैल मोडीत काढला आणि किलोमीटर धरला, त्या देशातला एक कर्ज अधिकारी रात्रंदिवस मैल मोजतो आहे. त्यात तो मैलही आता मैल राहिलेला नाही. पूर्वी जेवढं अंतर तेवढे मैल. आता बहुतेक ठिकाणी तिकिटाला मोजलेल्या पैशांवर पॉइंट मिळतात. एअर इंडियानेही २०२४ पासून तेच केलं. आणि आमचे दाजी तर विमानात बसतात दोन वर्षांतून एकदा. त्यांचे मैल जमिनीवरच तयार होतात: किराण्यात, विजेच्या बिलात आणि माझ्या फ्रिजमध्ये.

दाजींना बसलेले धक्केही थोडे नाहीत. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं. त्या रात्री दाजी जेवले नाहीत. आम्ही भेटायला गेलो. खरोखर गेलो, ताईनेच बोलावलं होतं. दाजी म्हणाले, "पॉइंटची कंपनी वेगळी आहे, त्यामुळे पॉइंट शाबूत आहेत. विमानं तेवढी नाहीत." वरात आहे, नवरदेव नाही, असा तो प्रकार. पुढे त्या पॉइंटांचं नाव बदललं, आणि त्यातून दाजींनी एक हॉटेल आणि एक मिक्सर काढला. मग दाजींचं मन विस्तारात रमलं, तोवर १२ नोव्हेंबर २०२४ ला तीही एअर इंडियात विलीन झाली. पॉइंट पुन्हा नव्या घरी. आता त्या घराचं नाव महाराजा क्लब. फेटा बांधून कमरेत वाकलेला तो महाराजा १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी जन्माला घातला. दाजी त्याच्या चित्राकडे बघून म्हणतात, "सत्तर-ऐंशी वर्षं वाकतोय बिचारा. आता मला काहीतरी देऊन टाकेल."

पण तुम्ही दाजींना वेडा समजत असाल तर थांबा. या माणसाच्या वेडाला कर्ज विभागाची शिस्त आहे. एकदा मी म्हटलं, "दाजी, मलाही एक कार्ड काढून द्या." त्यांनी मला समोर बसवलं. कर्ज मागायला आलेल्या पार्टीला बसवतात, तसंच.

"महिन्याचं बिल पूर्ण भरतोस का किमान रक्कम भरतोस?"

"कधी कधी किमान."

"मग तू या वाटेला जाऊ नकोस. महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के व्याज, म्हणजे वर्षाला बेचाळीस ते पंचेचाळीस. त्यात जीएसटी. पॉइंटातून सुटतात रुपयाला दोन-तीन पैसे. कोंबडी चार आण्याची नि मसाला बारा आण्याचा. तुझ्या व्याजावरच माझी तिकिटं निघतात, हे लक्षात ठेव."

हे शेवटचं वाक्य फार खरं आहे. दाजींची दुसरी शिकवण: पॉइंटाची किंमत काढल्याशिवाय तो खर्चू नये. समजा तिकीट रोखीने ३२,००० चं आहे. पॉइंटाने काढलं तरी कर आणि शुल्क रोख भरावे लागतातच. समजा ते ९,०००. उरले २३,०००. कंपनी २३,००० पॉइंट मागत असेल तर पॉइंटाला एक रुपया सुटला. घ्यावं. पन्नास हजार मागत असेल तर निम्माच सुटला. हात जोडावेत आणि रोखीने जावं. म्हणून दाजी पॉइंट नेहमी मे महिन्यात आणि दिवाळीत वापरतात. शाळांना सुट्ट्या लागल्या की रोखीचे भाव आभाळाला टेकतात. काही कंपन्यांचा पॉइंटाचा दर मात्र ठरलेला असतो. "जागा मिळाली तर," असं ते प्रत्येक वेळी पुढे जोडतात. भविष्य सांगणारे "ग्रह अनुकूल असतील तर" म्हणतात ना, त्याच स्वरात.

तिसरी शिकवण: आधी जागा, मग पॉइंट. कार्डावरचे पॉइंट एकदा विमान कंपनीकडे वळवले की परत येत नाहीत. त्यामुळे जागा दिसल्याखेरीज वळवायचे नाहीत. आणि चौथी, जी त्यांनी ताईच्या सुंदर अक्षरात लिहवून घेऊन कपाटाला आतून चिकटवली आहे: "मैल हे लोणचं नाही, कोथिंबीर आहे." मुरवत ठेवले की चढत नाहीत, सडतात. सिंगापूर एअरलाइन्सचे मैल तीन वर्षांत संपतात. मुदत नसली तरी कंपनी एका रात्रीत तिकिटाचा दर वाढवते आणि तुमच्या लाखाचे सत्तर हजार होतात. दाजी म्हणतात, नोटाबंदीला निदान रात्री आठ वाजता येऊन सांगितलं होतं.

बँकवाला असल्यामुळे दाजींना या धंद्यातलं एक रहस्य इतरांच्या आधी कळलं. २०२० साली विमानं जमिनीवर बसली तेव्हा युनायटेड एअरलाइन्सला कर्ज हवं होतं. त्यांनी तारण काय ठेवलं? आपला मायलेजप्लस हा मैलांचा कार्यक्रम! आणि त्यावर अब्जावधी डॉलर उभे राहिले. पाठोपाठ अमेरिकन एअरलाइन्सनेही तेच केलं. बँका कार्डावर वाटायला मैल विकत घेतात, रोख पैसे मोजून, आणि कित्येक लोक ते मैल कधी वापरतच नाहीत. हे वाचलं त्या दिवशी दाजी दिवसभर गप्प होते. संध्याकाळी मला म्हणाले, "वीस वर्षं मी घराचे उतारे आणि सोन्याच्या बांगड्या तपासतोय. आणि खरं तारण हे, लोकांची आशा."

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे सिंगापूरकडे.

बँकेतल्या माणसाला एलएफसी मिळते, म्हणजे रजा घेऊन कुटुंबाला फिरवायचा प्रवासखर्च. पण तो देशातल्या देशात. मधल्या काळात काही हुशार मंडळींनी वाट शोधली होती. दिल्लीहून मदुराईला जायचं आणि परतताना जरा कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर करत दिल्लीला यायचं. मदुराईच्या मीनाक्षीला यातलं काही ठाऊक नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ४ नोव्हेंबर २०२२ ला न्यायालयाने सांगितलं की हा आडवळणाचा प्रवास करसवलतीला पात्र नाही. दाजींनी तो निकाल अख्खा वाचला, घडी घालून ठेवला आणि म्हणाले, "आता सिंगापूरला सरळ जायचं. आणि पॉइंटाने जायचं." सोसायटीतले बाकीचे लोक टूर कंपनीकडे नाव नोंदवत होते. तिथे सकाळी पोहे, दुपारी वरणभात आणि बसमध्ये भेंड्या. दाजींनी टूरवाल्याचं रंगीत पुस्तक चाळलं, किंमत पाहिली आणि ते आदराने मिटून ठेवलं.

विमानात पॉइंटवाल्यांसाठी मोजक्या जागा असतात आणि त्या फार आधी उघडतात. दाजींनी हेरलेल्या कंपनीच्या जागा ३५५ दिवस आधी उघडत, आणि त्याही आपल्याकडच्या पहाटे. त्यामुळे दाजींच्या घरी मे महिन्याची सुट्टी आदल्या मे महिन्यात सुरू होते. मुलांचा दहावी-आठवीचा निकाल लागायचा असतो, ताईची रजा ठरायची असते, माणूस तोवर जिवंत असेल याचीही खात्री नसते. पण तारीख ठरलेली असते.

एक पहाट मी स्वतः पाहिली आहे. साडेचारचा सुमार. घरात देवघरातलं निरांजन आणि दाजींचा लॅपटॉप, एवढाच उजेड. दाजी आंघोळ करून बसलेले. शेजारी चहा, वही, आणि पासबुक-पाकीट उघडं. ते दर दहा सेकंदांनी पान ताजं करत होते आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं स्तोत्र असेल. जवळ जाऊन ऐकलं तर पासपोर्ट नंबर. एकदम जागा दिसल्या. "दोन! बिझनेस! थेट मुंबई-सिंगापूर!" दाजी ओरडले. आजी जाग्या होऊन बाहेर आल्या, त्यांना वाटलं मुलगा झाला कुणाला तरी. मागून आणखी दोन साध्या वर्गातल्या जागा निघाल्या. चार झाल्या. आम्ही होतो सहा.

उरलेल्या दोघांत मी आणि भाची. आमच्यासाठी दाजींनी तीन आठवडे शोध घेऊन दुसऱ्या एका कंपनीचा मार्ग काढला. मुंबई-कोलंबो, तिथे नऊ तास मुक्काम, मग सिंगापूर. "लाउंज आहे तिथे," दाजी म्हणाले, "दोन रुपये कापतील, खा काय खायचं ते." दोन रुपयांचं ते कार्ड आमच्याकडे होतं, पण ते फक्त भारतातल्या विमानतळावर चालतं हे कोलंबोत कळलं. नाशिकचा चिवडा आणि बारा गुळपोळ्या होत्या म्हणून मामा-भाची तरलो.

पण मी सांगणार आहे ते आमचं नव्हे, दाजींच्या विमानातलं. बिझनेस क्लासच्या दोन जागा कुणाच्या? अडीच वर्षं ज्याने पहाटे उठून, लोकांचे फ्रिज विकत घेऊन, घोड्याचं भाडं भरून पॉइंट जमवले, त्याची एक तरी नक्की, असं मला वाटलं होतं. नाही. एक आजींची आणि एक ताईची. दाजी आणि भाचा शेपटाकडे, संडासाला पाठ लावून. सासू आणि सून शेजारी शेजारी, साडेपाच तास, मध्ये कुणी नाही, हे धाडस करायला कर्ज अधिकाऱ्याचंच काळीज हवं.

पुढचं ताईने सांगितलं. आजी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसल्या होत्या. बटण दाबल्यावर खुर्चीचा पलंग झाला तेव्हा त्या घाबरून उठून उभ्या राहिल्या. मग हवाई सुंदरीने पांघरूण आणलं, उशी आणली. आजी ताईला म्हणाल्या, "माझं बाळंतपण झालं तेव्हासुद्धा कुणी असं अंथरूण घालून दिलं नव्हतं गं." तेवढ्यात पडदा हलला. दाजी आले होते, आई नीट बसली का बघायला. हवाई सुंदरीने त्यांना हसून अडवलं. मागच्या वर्गाच्या माणसाला पुढे येता येत नाही. दाजी पडद्याशी उभे राहून म्हणाले, "मॅडम, आई आहे." आजींनी आवाज ओळखला. पलंगावर एका अंगाला सरकल्या आणि सगळ्या विमानाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अरे, ये की इकडे! भरपूर जागा आहे. दोघं मावतो!"

दाजी परत गेले. भाचा सांगतो, बाबा पुढचा तासभर विमानातला सिनेमा आवाज न लावता बघत होते.

परत आल्यावर ताईने हिशोब मांडला. ताई गणिताची शिक्षिका आहे. सहा जणांचं रोखीने जाणं-येणं मेच्या भावाने २,१०,००० झालं असतं. जातानाचे कर-शुल्क आणि परतीची रोखीची स्वस्त तिकिटं मिळून दाजींनी भरले १,१२,०००. म्हणजे वाचले ९८,०००. दाजींनी मिशीवर हात फिरवला. "थांबा," ताई म्हणाली. कार्डांची वार्षिक फी जीएसटीसकट १४,१६०. खर्चाची मर्यादा गाठायला मार्चअखेर घेतलेला दुसरा मिक्सर ६,५००. दोन विमानं दोन वेळांची म्हणून नाशिक-मुंबई दुसरी गाडी ९,०००. कोलंबोत माझं आणि भाचीचं खाणं ३,४००, कारण चिवडा सहाव्या तासाला संपला. एकूण ३३,०६०. निव्वळ शिल्लक ६४,९४०.

"आणि पहाटे उठल्याचा ओव्हरटाइम?" ताईने विचारलं.

"तो बँकेतही देत नाहीत," दाजी म्हणाले.

ताईने वही मिटली. "वाचले खरे," एवढंच म्हणाली. वीस वर्षांत ताईने दाजींना दिलेलं हे सर्वात मोठं प्रशस्तिपत्र.

तिथेच आजी बसल्या होत्या, वाती वळत. फुकटच्या तिकिटावर मैल मिळत नाहीत, पण परतीचं तिकीट रोखीचं होतं आणि दाजींनी आजींच्या नावाने खातं उघडलेलं होतं. त्यांनी फोन आजींपुढे धरला. "आई, बघ. तुझ्या नावावर सातशे बारा मैल जमलेत."

"माझे?"

"तुझेच. फक्त तीन वर्षांत वापरायचे. नाहीतर मुदत संपते."

आजींनी वात तळहातावर फिरवून पूर्ण केली, तबकात ठेवली आणि म्हणाल्या, "बरं. बघू, आधी कुणाची संपते ते."

आम्ही सगळे हसलो. दाजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला त्यांनी ३५५ दिवसांनंतरची तारीख उघडली. दोन जागा होत्या.